रिझल्ट आला म्हणता, पण कशापेक्षा?



आज पिकाबद्दल कमी आणि एका शब्दाबद्दल जास्त लिहिणार आहे. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा, कारण विषय आपल्या खिशाचा आहे.

शब्द आहे 'कंट्रोल'.

हा शब्द आपण रोज वापरतो. जुनी माणसं रेशनच्या दुकानाला अजून कंट्रोलच म्हणतात. कंट्रोलचा गहू, कंट्रोलची साखर. फवारणी झाली की आपण म्हणतो, अळी कंट्रोल झाली, करपा कंट्रोलमध्ये आला. खताच्या पिशवीमागं जो कायदा आहे, १९८५ चा खत नियंत्रण आदेश, त्याच्याही इंग्रजी नावात कंट्रोल आहे. या सगळ्या ठिकाणी अर्थ एकच: ताबा.

पण हाच शब्द शेतीच्या प्रयोगात आला की त्याचा अर्थ साफ बदलतो. विद्यापीठाच्या शिवारफेरीला गेलात तर प्लॉटवर पाट्या दिसतात. टी-१, टी-२, टी-३ आणि एका पाटीवर 'कंट्रोल'. त्या पाटीमागचं पीक बहुतेक वेळा सगळ्यात कमी उठावाचं असतं. मग आपल्यातलाच कुणीतरी विचारतो, "एवढं कंट्रोल केलंय तर पीक असं बारीक का?" अहो, त्या प्लॉटला काही केलेलंच नसतं! म्हणून तर तो कंट्रोल. बाकीच्या प्लॉटला जे दिलं ते सोडून सगळं तिथं सारखं. तेच बियाणं, तीच पेरणीची तारीख, तेच खत, तीच निंदणी. फक्त ज्याची परीक्षा घ्यायची आहे ती एक गोष्ट नाही.

गंमत अशी, की या शब्दाचं मूळ ताब्यात नाहीच, हिशेबात आहे. जुन्या काळी युरोपात हिशेब गुंडाळीवर लिहायचे. कारभाऱ्यानं घोळ करू नये म्हणून त्याच हिशेबाची दुसरी गुंडाळी दुसऱ्याकडं ठेवायचे. दोन्ही समोरासमोर धरायच्या आणि ताडून बघायचं. त्या दुसऱ्या गुंडाळीवरून 'कंट्रोल' शब्द आला. आपल्याला हे नवीन नाही. दूध घालताना एक नोंद संकलन केंद्राच्या वहीत आणि एक आपल्या कार्डावर, ती कशासाठी असते? ताडून बघायला.

म्हणून माझं म्हणणं आहे, की शेतात कंट्रोलला 'नियंत्रित प्लॉट' म्हणूच नका. त्यानं उलटाच अर्थ डोक्यात जातो. 'पडताळ्याचा पट्टा' म्हणा. नाहीतर सरळ 'कोरा पट्टा' म्हणा. मी कोरा पट्टा म्हणतो.

आता मुद्द्यावर येतो.

आपल्या गप्पांत, ग्रुपवर, दुकानाच्या कट्ट्यावर रोज एक वाक्य ऐकू येतं: "रिझल्ट एक नंबर आला." मी त्यावर एकच प्रश्न विचारतो: कशापेक्षा? या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो रिझल्ट नाही, ती गोष्ट आहे. गोष्ट खरी असू शकते. सांगणारा माणूस सज्जन असतो, खोटं बोलत नाही. पण गोष्टीवर भरवसा ठेवून एकरी हजार-बाराशे रुपये टाकायचे का, हा वेगळा प्रश्न आहे.

सोयाबीनचं उदाहरण घ्या. जुलै-ऑगस्टात झड लागते. आपली जमीन काळी, भारी, त्यात चुनखडी. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. जमिनीत लोह असतं पण पिकाला ते उचलता येत नाही. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अख्खं शिवार पिवळं दिसायला लागलं की आपला जीव खालीवर होतो. मग दुकान, मग बाटली, मग फवारणी. आठ-दहा दिवसांत रान हिरवंगार. "बघा, रिझल्ट!"

पण जरा थांबा. फवारणी कधी केली? पाऊस उघडल्यावर. पावसात फवारणी होतच नाही. म्हणजे औषध आणि उघडीप दोन्ही शेतात एकाच वेळी आली. उघडीप मिळाली की वापसा येतो, मुळं श्वास घेतात, नवीन पान पुष्कळदा आपोआप हिरवं निघतं. मग रान हिरवं कुणी केलं? बाटलीनं की वापशानं? दोघांनी मिळून केलं असेल, तर बाटलीचा वाटा किती? एक पट्टा कोरा सोडला असता तर त्यानं सांगितलं असतं. सगळं रान फवारून काढलं, तर या प्रश्नाचं उत्तर त्या हंगामापुरतं कायमचं गेलं.

फेरस सल्फेट फवारू नका, असा याचा अर्थ काढू नका. जिथं लोह खरंच कमी पडतं तिथं त्याचा उपयोग होतो. मी म्हणतो, हिरवेपणाचं सगळं श्रेय एकाच बाटलीला देण्याआधी वापशालाही विचारा.

असंच दुसरीकडं बघा. कांद्यावर फुलकिडे वाढले, फवारणी केली, दोन दिवसांनी जोराचा पाऊस झाला, फुलकिडे कमी. करडईवर मावा आला, फवारणीची तयारी चालू, तोवर ढालकिड्यांनी निम्मा मावा खाल्ला. आपण औषधाला हात घालतो तो पीक सगळ्यात वाईट दिसत असतं तेव्हा. आणि सगळ्यात वाईट दिवसानंतर येणारा दिवस बहुतेक वेळा जरा बराच असतो. सर्दीबद्दल म्हणतात ना, औषध घेतलं तर सात दिवसांत जाते आणि नाही घेतलं तर आठवड्यात. शेतात हाच प्रकार रोज चालतो आणि सात दिवसांचं बिल आपण भरतो.

काहीजण म्हणतील, तुलना आम्ही करतो की! मागच्या वर्षी हे वापरलं नव्हतं, उतारा सात क्विंटल. यंदा वापरलं, दहा आला. अहो, पण मागच्या वर्षी फुलोऱ्यात पाऊस किती होता आणि यंदा किती? शेंगा भरताना खंड पडला होता का? वर्षाची तुलना वर्षाशी केली की पाऊस, थंडी, ऊन, कीड सगळंच बदलतं आणि नाव होतं बाटलीचं.

दुसरी तुलना शेजाऱ्याशी. त्याचं जेएस ३३५, माझं फुले संगम. त्यानं पेरलं २५ जूनला, मी ५ जुलैला. त्याच्या रानात दर तीन वर्षांनी शेणखत पडतं. मग बांधावर उभं राहून "त्याच्यापेक्षा माझं बरं, टॉनिकची कमाल" असं म्हणणं म्हणजे कुस्ती न लावताच पैलवान ठरवणं.

तिसरी तुलना फोटोतली. एका हातात दोन झाडं, एक डेरेदार आणि एक किरकोळ. डेरेदार झाड कुठून उपटलं ते फोटोत दिसत नाही. काठावरच्या तासातल्या झाडाला उजेड, हवा, जागा जास्त मिळते, ते फुगतंच. जुन्या उकिरड्याच्या जागेवरचं झाड तर विचारूच नका. माझ्याच वावरात, एकाच पेरणीत, कुठलंही औषध न मारता, अशी दोन झाडं मी तुम्हाला पाच मिनिटांत काढून दाखवतो.

हा शेवटचा मुद्दा मोठा आहे, म्हणून त्यावर एक जुना प्रयोग सांगतो. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड नावाचं शेती संशोधन केंद्र आहे. तिथं मर्सर आणि हॉल या दोघांनी १९१० च्या हंगामात एक एकर गहू घेतला. सगळीकडं सारखाच गहू, सारखीच मशागत, कुठलीही वेगळी वागणूक नाही. कापणीच्या वेळी त्या एकराचे ५०० सारखे तुकडे पाडले आणि प्रत्येकाचं धान्य वेगळं तोललं. सरासरी आली ३.९५ पौंड. सगळ्यात कमी तुकडा २.७३ पौंडाचा, सगळ्यात जास्त ५.१६ पौंडाचा. म्हणजे काहीही फरक केला नसताना जवळपास दुपटीचा फरक! समजा त्यातल्या ५.१६ वाल्या तुकड्यावर कुणी टॉनिकची पाटी लावली असती आणि २.७३ वाल्यावर कंट्रोलची, तर काय जाहिरात झाली असती सांगा.

म्हणून नुसता एक कोरा पट्टा ठेवूनही भागत नाही. तो कुठं ठेवला आणि किती ठेवले, यावर सगळं आहे. त्याच रोथॅमस्टेडला १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर नावाचा संख्याशास्त्रज्ञ आला. त्यानं यावर दोन साधे नियम बसवले. पहिला, एकच जोडी नको, तीन-चार जोड्या घ्या. दुसरा, कुठला पट्टा कोरा ठेवायचा हे आपण ठरवायचं नाही, चिठ्ठीनं ठरवायचं. आपला हात नकळत चांगल्या तुकड्याकडं वळतो, विकणाऱ्याचा तर जाणूनबुजून वळू शकतो. चिठ्ठीला नातेवाईक नसतात.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. हे केंद्र ज्यानं उभं केलं तो जॉन लॉज स्वतः खताचा कारखानदार होता. सुपर फॉस्फेट बनवण्याचं पेटंट त्यानं १८४२ मध्ये घेतलं. खत विकणारा माणूस. तरी १८४३ मध्ये ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गव्हाचा प्रयोग सुरू केला, तेव्हा त्यानं आणि जोसेफ गिल्बर्टनं एक पट्टा कोरा ठेवला. ना शेणखत, ना रासायनिक खत. तो पट्टा आजही तसाच कोरा आहे. पावणेदोनशे वर्षं उलटली. त्यावर गहू येतो हेक्टरी साधारण १ टन, म्हणजे एकरी ४ क्विंटलच्या आसपास. बाकीचे पट्टे किती पुढं गेले हे कळतं ते या एका गरीब पट्ट्यामुळं. खत विकणाऱ्याला कोऱ्या पट्ट्याची भीती वाटली नाही. मग आपल्याकडं डेमो प्लॉट लावणाऱ्यांना का वाटते?

आणि हे सगळं साहेबाचं ज्ञान आहे, आपलं नाही, असं कुणी म्हणू नका. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी शेतीच्या प्रयोगांचं संख्याशास्त्र आपल्या देशात रुजवलं. दोघांनी मिळून लिहिलेलं पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेनं १९५४ मध्ये छापलं आणि कृषी विद्यापीठांतल्या पोरांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. पीक कापणी प्रयोगाची नमुना पद्धत आपल्याकडं बसवण्यातही या दोघांचा मोठा वाटा आहे.

पीक कापणी प्रयोग! हा शब्द आपल्याला बरोबर माहीत आहे, कारण विम्याचे पैसे त्यावर ठरतात. तिथं आपण काय मागतो? प्लॉट चिठ्ठीनं निवडा, मनानं निवडू नका. दोरी लावून मापा. काट्यावर तोला. पंचासमोर करा. एखादा माणूस बांधावरून बघून "यंदा पीक बरं दिसतंय" असं लिहून गेला तर आपण तहसीलवर मोर्चा नेऊ. बरोबरच आहे. मग पैसे घेताना जो नियम आपण मागतो, तो पैसे देताना का मागत नाही? विम्याला काटा आणि टॉनिकला डोळा, हा कुठला न्याय?

आता करायचं कसं, ते सांगतो. खर्च जवळपास नाही. एक दोरी, सहा काठ्या, जुनं फडकं आणि वजनकाटा.

१. रानाचा सारखा भाग निवडा. धुऱ्याजवळ नको, झाडाच्या सावलीत नको, पाणी साचतं तिथं नको, जुन्या उकिरड्यावर नको.

२. तिथं शेजारी-शेजारी सहा पट्टे पाडा. दोन-दोनची एक जोडी, अशा तीन जोड्या. प्रत्येक जोडीत छापा-काटा करा. छापा आला तर डावा पट्टा कोरा, काटा आला तर उजवा. कोऱ्या पट्ट्याला काठीवर फडकं बांधा, नाहीतर फवारणारा गडी सवयीनं तिथंही फवारून जातो.

३. फरक एकाच गोष्टीचा ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. दुकानदार म्हणतो, "टॉनिकसोबत १९:१९:१९ घ्या, मग बघा." आता पीक सुधारलं तर ते १९:१९:१९ नं की टॉनिकनं? म्हणून कोऱ्या पट्ट्यावरही १९:१९:१९ फवारा, फक्त टॉनिक वगळा. टॉनिक एकटंच असेल तर कोऱ्या पट्ट्यावर तेवढंच साधं पाणी फवारा. कोरा म्हणजे उपाशी नव्हे. कोरा म्हणजे ती एक गोष्ट सोडून सगळं सारखं.

४. मोजणी पट्ट्याच्या मधोमध करा. काठाची तीन-चार तासं सोडा, कारण फवाऱ्याचे तुषार उडतात. सोयाबीन दीड फुटावर पेरलं असेल तर २२ तासं आणि ३३ फूट लांबी म्हणजे बरोबर एक गुंठा.

५. प्रत्येक गुंठ्याचं सोयाबीन वेगळ्या ताडपत्रीवर बडवा. सगळं सारखं वाळवा आणि एकाच दिवशी, एकाच काट्यावर तोला. एक ओलं आणि एक वाळलेलं तोललं तर तुम्ही पाणी तोलताय, सोयाबीन नाही.

६. वहीत लिहा. तारीख, पट्टा, किलो. डोक्यात ठेवू नका, डोकं आवडीचा आकडा लक्षात ठेवतं.

किलो गुणिले ४० केलं की एकरी उतारा निघतो. आता हिशेब. समजा बाटली आणि मजुरी मिळून एकरी १२०० रुपये खर्च, आणि सोयाबीन ४००० रुपये क्विंटल धरलं, तर खर्च निघायलाच एकरी ३० किलो जास्त यायला पाहिजे. म्हणजे गुंठ्याला पाऊण किलो. पाऊण किलो बांधावर उभं राहून डोळ्याला दिसतं का? मला तरी दिसत नाही. पान काळंभोर दिसतं, तरारी दिसते, फोटो भारी येतो. पण बाजार समितीत हिरवेपणा विकला जात नाही, दाणा विकला जातो.

मी गेले तीन हंगाम असे पट्टे ठेवतोय. मागच्या खरिपात फुलोऱ्यात एक टॉनिक तपासलं. नाव सांगणार नाही, इनबॉक्समध्येही विचारू नका, कारण मुद्दा नावाचा नाही. गुंठ्याचे आकडे असे आले. पहिली जोडी: फवारलेला २१ किलो, कोरा साडेवीस. दुसरी जोडी: फवारलेला १९, कोरा साडेएकोणीस. तिसरी: फवारलेला साडेबावीस, कोरा २२. तिन्हींची बेरीज केली तर फवारलेले साडेबासष्ट, कोरे बासष्ट. तीन गुंठ्यांत अर्धा किलो. एकरी हिशेब केला तर पावणेसात किलोच्या आत. म्हणजे साधारण पावणेतीनशे रुपये, आणि खर्च ८५०. त्यात कोऱ्या पट्ट्यांकडंच बघा. त्यांच्यात आपसात अडीच किलोचा फरक आहे, काहीही वेगळं न करता. जमिनीचा स्वतःचा चढउतार अडीच किलोचा, त्यापुढं अर्ध्या किलोला काय किंमत?

त्याच हंगामात, वावराच्या दुसऱ्या बाजूला, पेरणीच्या वेळी दिलेल्या गंधकाचेही असेच पट्टे होते. माती परीक्षणात गंधक कमी आलं होतं. तिथं तिन्ही जोड्यांत गंधकाचा पट्टा पुढं, तेही दीड-दोन किलोनं. डोळ्याला मात्र गंधकाचं काही विशेष दिसत नव्हतं, आणि टॉनिकचा पट्टा लांबून ओळखू येत होता! काटा नसता तर मी गंधक सोडून टॉनिक धरलं असतं.

यातून सगळी टॉनिकं खोटी असं ठरत नाही. माझ्या जमिनीत, त्या एका हंगामात, वजनावर फरक पडला नाही, एवढंच ठरतं. तुमच्या जमिनीत पडेलही. पण ते तुमचा कोरा पट्टा सांगेल, मी नाही आणि यूट्यूबवाला तर नाहीच.

आता नेहमीच्या हरकती.

"कोरा पट्टा ठेवला आणि तिथलं पीक गेलं तर?" हिशेब करू. समजा औषध इतकं भारी आहे, की एकरी १ क्विंटल वाढवतं. तर एका गुंठ्याला अडीच किलो, तीन गुंठ्यांना साडेसात किलो नुकसान. ४० रुपये किलोनं ३०० रुपये. आपण हंगामात त्याहून जास्त पैसे नुसत्या चौकशीत घालवतो. आणि औषध काहीच करत नसेल तर तीन गुंठ्यांचं नुकसान शून्य आणि पुढच्या वर्षी सगळ्या रानाचा खर्च वाचला. फक्त एक ध्यानात ठेवा. अळीनं नुकसानीची पातळी ओलांडली असेल, करपा पसरत असेल, तर तिथं प्रयोग करत बसू नका. कोऱ्या पट्ट्यातला रोग शेजारच्या रानात जातो. ज्या शिफारशी विद्यापीठानं अनेक ठिकाणी, अनेक वर्षं तपासून दिल्यात, त्याही दर वर्षी नव्यानं तपासायची गरज नाही. कोरा पट्टा आहे तो नव्या, महाग आणि 'भन्नाट रिझल्ट'वाल्या वस्तूंसाठी.

"आम्ही काय शास्त्रज्ञ आहोत का?" बैल घेताना चालवून बघतो, दात मोजतो. पोरीला स्थळ आलं तर चार गावांत चौकशी करतो. पडताळा आपल्या रक्तात आहे. फक्त बाटलीच्या बाबतीत तो कुठं जातो ते मला समजत नाही.

"हे सगळं कंपन्यांविरुद्ध आहे." नाही. कोऱ्या पट्ट्याला जात नाही, पक्ष नाही. तो जीवामृतालाही तोच प्रश्न विचारतो, दशपर्णी अर्कालाही आणि निंबोळी अर्कालाही. सेंद्रियवाल्या मित्रांनी रागावू नये. तुमची पद्धत खरी असेल तर कोरा पट्टा तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. ज्याचा माल चांगला आहे त्यानं काट्याला घाबरायचं कारण नाही. उलट कोरा पट्टा नसल्यामुळं चांगली वस्तू आणि रंगवलेलं पाणी दोन्ही एकाच फळीवर, एकाच भावानं विकली जातात. त्यात नुकसान चांगल्या कंपनीचंही आहे.

जैव उत्तेजकं, म्हणजे आपण ज्याला टॉनिक म्हणतो त्यातली बरीचशी, केंद्र सरकारनं २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आणली. चांगलं झालं. पण कायद्यातला कंट्रोल तुमच्या शेतातल्या कंट्रोलची जागा घेत नाही. पहिला कंट्रोल वस्तूवर लक्ष ठेवतो. दुसरा सांगतो, की ती वस्तू तुमच्या मातीत तिचे पैसे काढते का.

म्हणून पुढच्या वेळी गावात चर्चासत्र लागलं, मंडप पडला, चहा-पोहे झाले आणि माईकवरून कुणी "रिझल्ट" म्हणालं, तर हात वर करून तीन प्रश्न विचारा. कोरा पट्टा कुठं होता? अशा किती जोड्या होत्या? किलोत फरक किती आला? शांतपणे विचारा, समोरच्याचा अपमान करू नका. तोही पोटासाठी फिरतो. पण उत्तर मिळाल्याशिवाय पाकिटाला हात लावू नका. गटशेती असेल, शेतकरी कंपनी असेल तर आणखी सोपं आहे. दहा जणांनी एकच वस्तू आपापल्या रानात एकेक जोडी लावून तपासली तर एका हंगामात दहा ठिकाणचे आकडे हातात येतात. मग दुकानदाराशी बोलायला आपल्याकडंही काहीतरी असतं.

सातबारा कोरा करा, अशी मागणी आपण सरकारकडं कितीतरी वर्षं करतोय. ती करत राहूच. पण सातबारा पुन्हा भरू नये यासाठी जे आपल्या हातात आहे ते दोन-तीन गुंठ्यांचं काम आहे. खरिपाची फवारणी सुरू व्हायला अजून वेळ आहे. दोरी आणि काठ्या आत्ताच काढून ठेवा.

ज्यांनी कुणी असे पट्टे ठेवलेत त्यांनी आपले आकडे खाली लिहा. पीक, जमीन कशी, किती जोड्या आणि किलो. फोटो नकोत, किलो लिहा. फरक पडला नाही असे आकडे तर आवर्जून लिहा, कारण ते कुणीच छापत नाही.